सायकलची ताकद कुठे जाते, हे रस्त्यावरच मोजा

नागपूरच्या सपाट रस्त्यांवर ताकद मुख्यतः दोन ठिकाणी खर्च होते: टायर दबण्यात आणि हवा कापण्यात. वजन नडतं ते सेमिनरी हिल्ससारख्या चढावर. सपाटीवर ताशी २० किमीने जाताना दोन किलो हलकी सायकल जेमतेम एक वॅट वाचवते. म्हणून महागडी फ्रेम घेण्याआधी ही चाचणी करून बघा.

चाकाला सेन्सर असलेला स्पीडोमीटर लावा. मोबाइलचा जीपीएस वेग उशिरा दाखवतो, तो इथे कामाचा नाही. हँडलला बसवलेल्या मोबाइलवर स्पीडोमीटरचा व्हिडिओ घ्या, म्हणजे सेकंद घरी बसून मोजता येतात आणि हात हँडलवरच राहतात. वेळ सूर्योदयाची, रस्ता मोकळा. झाडाची पानं हलत असतील तर त्या दिवशी चाचणी नको.

ताशी १२ किमीचा वेग घ्या, पायडल थांबवा आणि १० वरून ५ वर यायला किती सेकंद लागतात ते बघा. स्वार आणि सायकल मिळून ८५ किलो, साधे शहरी टायर असतील तर साधारण १५ सेकंद लागतात. नऊ-दहाच लागले तर हवा कमी आहे, ब्रेकपॅड रिमला घासतोय किंवा चाकाच्या मधल्या हबमधले कोन (बेअरिंग धरून ठेवणारे शंकूसारखे नट) जास्त आवळलेत. आधी चाक उचलून फिरवा. घासत असेल तर लगेच कळतं.

आता तेच २५ वरून २० पर्यंत. ताठ बसून साडेसहा सेकंद येत असतील, तर कोपरं वाकवून छाती खाली घेतल्यावर सात-साडेसात येतात. वाढलेला तो एक सेकंद म्हणजे फुकटात मिळालेला वेग.

प्रत्येक चाचणी जाता-येता दोन्ही दिशांनी करा. डोळ्यांना सपाट वाटणाऱ्या रस्त्याला शंभर मीटरला अर्धा मीटर उतार असला, तरी ८५ किलोवर चार न्यूटनचा (न्यूटन म्हणजे बळाचं माप) फरक पडतो. टायरचा सगळा अवरोध सात न्यूटनच्या आत असतो. सरासरी सेकंदांची काढू नका. वेगातली घट मीटर प्रति सेकंदात घेऊन (ताशी किमी भागिले ३.६) भागिले सेकंद असा मंदावण्याचा दर दोन्ही दिशांचा काढा आणि त्या दरांची सरासरी घ्या. त्याला किलोतल्या एकूण वजनाने गुणलं की अवरोध न्यूटनमध्ये मिळतो, आणि त्याला मीटर प्रति सेकंदातल्या वेगाने गुणलं की वॅट.

वरच्याच स्वाराला ताठ बसून ताशी २० किमीला सुमारे ९० वॅट लागतात, २५ ला १५०, ३० ला २४०. समोरून ताशी १० किमीचा वारा असेल तर २० च्या वेगालाही १५० च मोजावे लागतात. अशा वेळी स्पीडोमीटरकडे बघून दामटू नका, दम बघून चालवा.

टायरची हवा सकाळी, टायर थंड असताना भरा. २५ अंशांना ६० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरलेला टायर उन्हात ६० अंशांपर्यंत तापला तर आठ-नऊ पीएसआय वाढतात, म्हणून टायरवर छापलेल्या कमाल आकड्याला टेकू नका. खड्ड्यांच्या रस्त्यावर दगडासारखा टणक टायर तसाही वेगवान नसतो. तो स्वारालाच हादरवतो.

पायडलवर खर्च झालेले किलोज्यूल म्हणजे शरीराने जाळलेल्या किलोकॅलरी, हा हिशेब बऱ्यापैकी जुळतो, कारण एका किलोकॅलरीत चारेक किलोज्यूल असतात आणि स्नायूंना पुरवलेल्या ऊर्जेचा साधारण चौथा हिस्साच पायडलपर्यंत पोचतो. ९० वॅटने तासभर चालवलं तर सुमारे ३२५ किलोकॅलरी. उरलेल्या तीन हिश्शांची उष्णता होते. ४५ अंशांची हवा जानेवारीतल्या पहाटेपेक्षा सुमारे दहा टक्के विरळ असते, तेवढा हवेचा अवरोध कमी होतो. पण ती कातडीपेक्षा गरम असल्याने अंग आणखी तापवते. शरीराची स्वतःची उष्णता घालवायलाच तासाला जवळपास अर्धा लिटर घाम लागतो, आणि मे महिन्यात त्याहून बराच जास्त. तेव्हा लिटरची बाटली भरून निघा, त्यात चिमूटभर मीठ घाला.