एक कोटीपर्यंत मोठ्याने मोजायला किती दिवस लागतात? हिशोबाची रीत

सेकंदाला एक आकडा धरून केलेला हिशोब बहुतेकांनी ऐकलेला असतो: एक लाखाला २७ तास ४६ मिनिटं ४० सेकंद, एक कोटीला जवळजवळ ११६ दिवस. भागाकार बरोबर आहे, पण ज्यावर तो उभा आहे ते गृहीतकच चुकीचं आहे. 'सत्त्याण्णव लाख अठ्ठ्याहत्तर हजार पाचशे त्रेसष्ट' हे एका सेकंदात स्पष्ट म्हणून बघा. नाही जमत.

आधी मोठे आकडे किती आहेत ते बघा. १ ते १ कोटीमध्ये ९० लाख आकडे सात अंकी आहेत, ९ लाख सहा अंकी, ९० हजार पाच अंकी. म्हणजे शंभरातले नव्वद आकडे सात अंकी, नऊ सहा अंकी, आणि त्याहून लहान सगळे मिळून जेमतेम एक. म्हणून १ ते १०० ला लागलेला वेळ एक लाखाने गुणणं ही सगळ्यात मोठी चूक. तो वेळ ज्या आकड्यांवरून काढला, ते पुढच्या प्रवासात जवळपास नसतातच.

आता एका आकड्याची लांबी. बोलताना एका झटक्यात बाहेर पडणारा तुकडा हे माप घ्या: 'वीस' एक तुकडा, 'बावीस' दोन, 'एकोणीस' तीन, 'चौऱ्याहत्तर' चार. १ ते ९९ चे सगळे तुकडे मोजले तर बेरीज २५८ च्या आसपास येते, म्हणजे आकड्यामागे सरासरी २.६. दशकादशकात फरक मोठा आहे. वीस ते एकोणतीस हे दहा आकडे २२ तुकड्यांत संपतात, चाळीस ते एकोणपन्नासला ३६ लागतात, ऐंशीच्या दशकालाही तेवढेच. त्यात लाख, हजार आणि शेकडा मिळवले की सात अंकी आकड्याची सरासरी १३ तुकडे, सहा अंकीची साडेअकरा, पाच अंकीची सव्वानऊ.

न अडखळता, सावकाश बोलताना सेकंदाला पाच तुकडे धरा आणि दर आकड्यामागे श्वासासाठी ०.४ सेकंद. सात अंकी आकड्याला ३ सेकंद पडतात, सहा अंकीला २.७, पाच अंकीला २.३. यावरून एक लाखाला ६२ तास लागतात. दहा लाखांना सुमारे ७३० तास, म्हणजे रोज आठ तास मोजलं तर तीन महिने. एक कोटीला ८,२०० तास, म्हणजे रोज आठ तासांनी १,०२५ दिवस, दोन वर्षं दहा महिने.

तुमचा वेग वेगळा असणार, म्हणून हा आकडा स्वतःसाठी काढा. मोबाईलचं स्टॉपवॉच लावून शंभर-शंभर आकड्यांचे तीन गट सलग म्हणा: २० लाख ३० हजार २०० पासून, ५५ लाख १३ हजार ४०० पासून आणि ७८ लाख ८४ हजार ६०० पासून. पहिला गट मुद्दाम हलका निवडलाय, तिसरा जड, मधला मध्यम. तिन्हींची सरासरी खऱ्या सरासरीच्या अगदी जवळ जाते. शंभराचाच गट घ्यायचं कारण असं की शेवटच्या दोन अंकांची सगळी दशकं त्यात एकदा येऊन जातात. वीसच आकडे म्हटले आणि ते विशीतले निघाले, तर उत्तर फसवं येईल. एकूण वेळ ३०० ने भागा, ९० लाखांनी गुणा. सहा आणि पाच अंकींसाठी तेच करून अनुक्रमे ९ लाख आणि ९० हजारांनी गुणा, आणि बेरीज घ्या. उरलेल्या ९,९९९ आकड्यांना पाच-साडेपाच तास पुरतात.

सुरू करण्याआधी एक नियम ठरवा: दर वेळी पूर्ण आकडा म्हणायचा की फक्त शेवटचे तीन अंक? 'पाचशे त्रेसष्ट, पाचशे चौसष्ट' एवढंच म्हटलं तर वेळ निम्म्याहून खाली येतो. पण ते आमच्या मते कोटीपर्यंत मोजणं नव्हे, हजारापर्यंत दहा हजार वेळा मोजणं झालं.

प्रत्यक्ष मोजताना हजार आकड्यांची एक बैठक धरा. सात अंकींत तिला ५० मिनिटं लागतात. समोर पाटीवर '६७ लाख ४३ हजार' असं ठळक लिहून ठेवा आणि हजार संपल्यावरच बदला. दर शंभराला एक रेघ मारा. हे लागतंच, कारण थोड्या वेळाने जीभ आपोआप चालते आणि आपण त्रेचाळीस हजारात होतो की चव्वेचाळीस, हे निसटतं. शंका आली की शेवटच्या रेघेवर परत जा. नुकसान पाच मिनिटांचंच. दुसरी घसरण एकोणच्या आकड्यांत होते: अडुसष्टनंतर 'एकोणसत्तर' म्हणताना 'सत्तर' तोंडात आलेलं असतं, आणि पुढचा सत्तर गाळून एक्काहत्तर म्हटला जातो.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'त्रेसष्ट'ऐवजी 'साठ तीन' अशा वाचनाची पद्धत आली आणि मोठा वाद झाला. वेळेच्या दृष्टीने त्यात फारसा फरक नाही: २१ ते ९९ मध्ये शंभर तुकड्यांमागे चारेक वाचतात. पन्नाशी आणि नव्वदीत तर जुने शब्दच आखूड आहेत. एकोणची घसरण मात्र त्या पद्धतीत उरत नाही.

कागदावरचा वेळ आणि खरा वेळ यांत अंतर किती पडतं, त्याचा एक पुरावा आहे. अमेरिकेत अलाबामामधल्या बर्मिंगहॅम इथे जेरेमी हार्पर यांनी २००७ मध्ये दहा लाखांपर्यंत मोठ्याने मोजलं. रोज सुमारे १६ तास, ८९ दिवस. म्हणजे आकड्यामागे ५.१ सेकंद. इंग्रजी आकडे मराठीपेक्षा लांब असतात, तरी आमच्या रीतीने तीन ते साडेतीन सेकंदच यायला हवे होते. बाकीचा वेळ पाणी, घसा, विसावा यांचा. म्हणून काढलेलं उत्तर दीडपट करा. एक कोटीला मग सव्वाचार वर्षं धरावीत.

पुढचा टप्पा अब्ज, म्हणजे शंभर कोटी. तिथे 'कोटी' हा शब्दही दर आकड्यात येतो, आकड्यामागे ३.९ सेकंद पडतात आणि झोपही न घेता १२२ वर्षं लागतात.

कोटीच्या जपाचा हिशोब याहून सोपा आहे, कारण मंत्राची लांबी बदलत नाही. १०८ मण्यांची माळ शंभर धरायची प्रथा आहे, म्हणून एक कोटी म्हणजे एक लाख माळा. एका जपाला दीड सेकंद धरला तर माळेला १६२ सेकंद, एकूण ४,५०० तास. रोज दोन तास बसणाऱ्याला सहा वर्षं दोन महिने. समर्थ रामदासांनी नाशिकजवळच्या टाकळीला बारा वर्षांत तेरा कोटी जप केला, असं परंपरा सांगते. तो दिवसाला साधारण २९,६६० पडतो. रोज बारा तास धरले तर तेरा अक्षरी मंत्राच्या एका जपाला दीड सेकंदाहून किंचित कमी वेळ मिळतो.