ठाण्याहून पीपीएल (खासगी वैमानिक परवाना): फी भरण्याआधी आणि सोलोआधी (एकट्याने पहिलं उड्डाण)

आधी क्लास टू मेडिकल (वैमानिकांची वैद्यकीय तपासणी), मग फी. चष्मा बहुधा अडत नाही. रंग ओळखण्यात दोष निघाला तर मात्र गाडी तिथेच अडू शकते. दहावी पास असाल तर स्टुडंट लायसन्स १६ व्या वर्षी, पीपीएल १७ व्या. किमान ४० तास उड्डाण, त्यात ५ तास एकट्याने क्रॉस-कंट्री (एका विमानतळावरून दुसऱ्याकडे), त्यातली एक फेरी १५० नॉटिकल मैलांची. फ्लाइंग स्कूलसाठी ठाणे-नवी मुंबईकरांना धुळे किंवा बारामती गाठावी लागते. फक्त शनिवार-रविवार गेलात तर निम्मी सॉर्टी (सरावाचं उड्डाण) मागचं आठवण्यातच जातं. सलग सुट्टी काढा.

सोलो रखडतो तो बहुतेकदा लँडिंगवर. सेसना १७२ (छोटं प्रशिक्षण विमान) फायनलला, म्हणजे धावपट्टीच्या रेषेत उतरण्याच्या शेवटच्या टप्प्यात, ६५ नॉटवर (ताशी ६५ नॉटिकल मैल) ठेवा. ७५ असेल तर फ्लेअरमध्ये (टेकण्याआधी नाक किंचित वर घेताना) विमान तरंगत राहतं, धावपट्टी संपत जाते. विद्यार्थी घाबरून योक (विमानाचं हँडल) पुढे ढकलतो, नाकाचं चाक आधी आपटतं आणि उसळी बसते. मोठी उसळी बसली तर पुन्हा ढकलू नका: फुल थ्रॉटल (इंजिनला पूर्ण ताकद), नाक क्षितिजाशी समांतर, फ्लॅप (पंखांमागच्या झडपा) २० अंशांवर, उरलेले फ्लॅप वेग वाढेल तसे वर घ्या. नजर धावपट्टीच्या दूरच्या टोकाकडे हवी. चाकांपुढच्या डांबराकडे पाहिलं की उंचीचा अंदाज हमखास चुकतो.