क्रँक पुलीचा बोल्ट सुटेना? दोरी घ्या
क्रँक पुली म्हणजे इंजिनच्या क्रँकशाफ्टच्या टोकाला बसवलेलं पट्ट्याचं चाक. तिच्या बोल्टला पाना लावला की बोल्टऐवजी अख्खं इंजिनच फिरतं, हे दुखणं जुनंच. गिअरची गाडी असेल तर आधी सोपं करून बघा: पाचवा गिअर टाका आणि कुणाला तरी ब्रेक गच्च दाबून बसवा. तेवढ्यानं नाही भागलं, तर दोरी.

एका सिलिंडरचा स्पार्क प्लग काढा. त्याचा पिस्टन कॉम्प्रेशनला (आतली हवा दाबली जाते त्या फेरीत) वर आणा आणि माथा (त्याची सगळ्यात वरची जागा) ओलांडून इंच-दीड इंच खाली जाऊ द्या. दोन्ही व्हॉल्व्ह बंदच हवेत, नाहीतर दोरी दाबून व्हॉल्व्ह वाकेल. आता धागे न सुटलेली, स्वच्छ नायलॉनची दोरी मावेल तेवढी आत सारा. टोक बाहेर राहू द्या. बोल्ट सोडताना इंजिन उलटं फिरतं, पिस्टन वर येतो आणि दोरीच्या गादीवर अडतो. (जुन्या काही होंडा इंजिनांची दिशाच उलटी. तिथे पिस्टन माथ्याच्या अलीकडे ठेवा.)

पान्याला लांब लोखंडी पाइप जोडा. मी माझा रविवारी जुन्या बाजारातून उचलला. झटका नको, अंगाचा भार हळूहळू टाका. बोल्ट कटकन बोलला की इंजिन जरा विरुद्ध दिशेनं फिरवा, दोरी अलगद बाहेर येते.