लंडनच्या बहुशाखीय चेंबर्समधले काम आणि नावलौकिक : नव्याने येणाऱ्यांसाठी

पुण्या-मुंबईच्या विधी महाविद्यालयांतून इंग्लंडला येऊ पाहणारे विद्यार्थी बॅरिस्टर कसे व्हायचे हे आवर्जून विचारतात. चेंबर्सबद्दल, म्हणजे बॅरिस्टर जिथे एकत्र बसून आपापली वकिली करतात त्या गटांबद्दल, मात्र क्वचितच कोणी विचारतो. याला आपल्याकडचा इतिहास काही अंशी कारणीभूत आहे. गांधीजींना १० जून १८९१ रोजी इनर टेंपलमधून सनद मिळाली, दुसऱ्या दिवशी त्यांनी उच्च न्यायालयात नाव नोंदवले आणि १२ जूनला ते भारतात परतण्यासाठी निघाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२२ मध्ये ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले, पण त्यांची वकिली उभी राहिली ती मुंबईत. आपल्या मनातला ‘बॅरिस्टर’ हा असा सनद घेऊन परत आलेला माणूस आहे. सनद देण्याचे काम लिंकन्स इन, ग्रेज इन, इनर टेंपल आणि मिडल टेंपल या चार संस्था करतात. प्रत्यक्ष वकिली शिकवतात आणि पुढे जन्मभर सांभाळतात ती चेंबर्स. आजही अभ्यासक्रम पूर्ण करून सनद घेता येते, परंतु चेंबर्समधली किंवा अन्य मान्यताप्राप्त ठिकाणची प्रशिक्षणार्थी म्हणून उमेदवारी, म्हणजे प्युपिलेज, झाल्याशिवाय इथे बॅरिस्टर म्हणून वकिली करता येत नाही. म्हणून ज्याला इथे राहून काम करायचे आहे त्याने चेंबर्स नीट समजून घेणे अगत्याचे आहे. मी स्वतः मुंबईहून येऊन एका बहुशाखीय चेंबर्समध्ये उमेदवारी केली आणि तिथेच स्थिरावलो, त्यामुळे पुढचे बहुतेक विवेचन त्याच प्रकारच्या चेंबर्सविषयी आहे.

मुंबई उच्च न्यायालयाच्या परिसरात एखाद्या ज्येष्ठ वकिलाचे चेंबर म्हटले की एक सिनियर आणि त्याच्या हाताखाली काम करणारे ज्युनियर असे चित्र डोळ्यांसमोर येते. लंडनमधली रचना वेगळी आहे. इथल्या चेंबर्समधले सर्व सदस्य स्वतंत्र व्यावसायिक असतात, कोणी कोणाचा नोकर नसतो आणि भागीदारही नसतो. इमारतीचे भाडे, क्लार्कांचे पगार, ग्रंथालय आणि संगणकव्यवस्था यांचा खर्च सगळे मिळून उचलतात; त्यासाठी प्रत्येक जण आपल्या मिळकतीचा ठरावीक हिस्सा किंवा ठरावीक रक्कम देतो. फी मात्र ज्याची त्याला मिळते आणि मताची जबाबदारीही ज्याची त्याची असते. याचा एक परिणाम आपल्याकडच्या वकिलाला सुरुवातीला चमत्कारिक वाटतो: एकाच चेंबर्समधले दोन सदस्य एकाच खटल्यात परस्परांविरुद्ध उभे राहू शकतात. एका मजल्यावर वादीचे कागद आणि दुसऱ्या मजल्यावर प्रतिवादीचे कागद असताना गुप्तता राखायची असते, आणि ती राखली जाते. दोन्ही बाजूंचे सॉलिसिटर, म्हणजे अशिलाशी थेट व्यवहार करणारे आणि न्यायालयात उभे राहण्यासाठी बॅरिस्टर नेमणारे वकील, त्याच विश्वासावर आपापले ब्रीफ, म्हणजे खटल्याचे काम आणि कागद, पाठवतात.

चेंबर्सचे ढोबळमानाने दोन प्रकार पडतात. काही चेंबर्स एकाच विषयाला वाहिलेली असतात. केवळ व्यापारी कायदा, केवळ करकायदा, केवळ कौटुंबिक कायदा असे त्यांचे क्षेत्र आखलेले असते. दुसऱ्या प्रकारात फौजदारी, कौटुंबिक, घरभाडे व निवारा, कामगार, स्थलांतर आणि आश्रय, पोलिसांविरुद्धचे दावे, प्रशासकीय कायदा अशा अनेक शाखा एकाच छपराखाली नांदतात. १९७४ मध्ये स्थापन झालेले गार्डन कोर्ट चेंबर्स आणि १९९० मध्ये स्थापन झालेले डाउटी स्ट्रीट चेंबर्स ही लंडनमधली ठळक उदाहरणे आहेत. नंतर पंतप्रधान झालेले कीर स्टार्मर एके काळी डाउटी स्ट्रीटच्या संयुक्त प्रमुखांपैकी एक होते. लंडनबाहेर बर्मिंगहॅमच्या नंबर फाइव्हसारखी दोनशेहून अधिक सदस्यांची चेंबर्सही याच प्रकारात मोडतात. तिथे एका शाखेचे सदस्यच एखाद्या लहान चेंबर्सइतके भरतात.

अनेक शाखा एकत्र असण्याचा उपयोग काय, हे मला पुस्तकी व्याख्येतून कधीच कळले नसते. समजा, पोलीस कोठडीत एका तरुणाचा मृत्यू झाला. इंग्लंडमध्ये अशा मृत्यूची कोरोनर या न्यायिक अधिकाऱ्यापुढे इन्क्वेस्ट, म्हणजे मृत्यूच्या कारणाची चौकशी, होते, आणि बहुधा ज्युरीसमोर होते. कुटुंबाला तिथे प्रश्न विचारणारा वकील हवा असतो. पोलिसांवरील तक्रारींची स्वतंत्र यंत्रणा समांतर तपास करते. एखाद्या अधिकाऱ्यावर खटला भरायचा नाही असे सरकारी अभियोक्त्यांनी ठरवले, तर त्या निर्णयाला आव्हान देण्यासाठी प्रशासकीय न्यायालयात जावे लागते. नुकसानभरपाईचा दिवाणी दावा पुढे वर्ष-दोन वर्षांनी उभा राहतो आणि त्याची मुदत मात्र आधीपासूनच धावत असते. त्यातच मृताची पत्नी त्याच्या व्हिसाच्या आधारावर या देशात राहत असेल, तर तिच्या वास्तव्याचा प्रश्न सगळ्यांआधी ऐरणीवर येतो. कुटुंबाच्या दृष्टीने हे एकच दुःख आहे. कायद्याच्या दृष्टीने ती पाच प्रकरणे आहेत. इन्क्वेस्टमध्ये साक्षीदाराला विचारलेला एखादा प्रश्न दिवाणी दाव्याला बळ देतो किंवा त्याचे नुकसानही करतो. या पाचही बाबी जाणणारे लोक एकमेकांच्या दाराशी जाऊन पाच मिनिटे बोलू शकत असतील, तर त्या कुटुंबाला मिळणारी मदत फार वेगळ्या दर्जाची होते. १४ जून २०१७ रोजी ग्रेनफेल टॉवरला लागलेल्या आगीत ७२ माणसे गेली, आणि त्यानंतरच्या प्रदीर्घ सार्वजनिक चौकशीत वाचलेल्यांच्या आणि मृतांच्या कुटुंबीयांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या वकिलांत बहुशाखीय चेंबर्सचे सदस्य होते. अशा कामासाठी निवारा, इमारतींचे नियम, इन्क्वेस्ट आणि मानवी हक्क हे सगळे लागते.

परंतु एका छपराखाली असणे आणि एकत्र काम करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि नवख्या माणसाने सर्वांत जास्त लक्ष इथे द्यावे असे माझे ठाम मत आहे. काही ठिकाणी शाखा केवळ भाडे वाटून घेतात. फौजदारीवाले सकाळी क्राउन कोर्टात, म्हणजे गंभीर फौजदारी खटल्यांच्या न्यायालयात, जातात, संध्याकाळी परस्पर घरी जातात, आणि स्थलांतराच्या कायद्यावर काम करणाऱ्या सदस्याचे नाव त्यांना दारावरच्या पाटीवरून माहीत असते. अशा ठिकाणी ‘बहुशाखीय’ हा शब्द माहितीपत्रकापुरता उरतो.

हे ओळखण्याची उत्तम जागा म्हणजे क्लार्कांची खोली. बॅरिस्टरांचे क्लार्क हे कारकून नव्हेत. सॉलिसिटरांकडून काम आणणे, फी ठरवणे, कोणाला कोणते ब्रीफ द्यायचे हे पाहणे आणि प्रत्येकाच्या तारखा जुळवणे, हे सगळे त्यांच्या हाती असते. सीनियर क्लार्क हा चेंबर्समधला फार वजनदार माणूस असतो. संध्याकाळी पाच-साडेपाचनंतर या खोलीत उभे राहिले की चेंबर्सची खरी नाडी कळते. उद्याच्या न्यायालयांच्या याद्या लागलेल्या असतात, कोणाचा खटला लांबलेला असतो, आणि त्यामुळे त्याचे दुसरे ब्रीफ सुटते, ज्याला इथे ‘रिटर्न’ म्हणतात. क्लार्क एका कानाला फोन लावून सॉलिसिटरची समजूत घालत असतो आणि दुसऱ्या हाताने पडद्यावरच्या रंगीत दैनंदिनीत कोण मोकळे आहे ते शोधत असतो. मग तो वळून सर्वांत कनिष्ठ सदस्याकडे पाहतो. सहा वाजून गेल्यावर हाती आलेला सव्वादोनशे पानांचा गठ्ठा, सकाळी दहाला क्लार्कनवेल अँड शोअरडिच काउंटी कोर्टात घर रिकामे करून मागणाऱ्या दाव्याची सुनावणी, आणि समोर दोन मुलांसह भाड्याच्या घरात राहणारी बाई: नव्या सदस्याचा दिवस असा सुरू होतो. उद्या हाच माणूस हायबरी कॉर्नरच्या मॅजिस्ट्रेट कोर्टात जामिनासाठी उभा असेल आणि परवा टेलर हाउसमधल्या न्यायाधिकरणात आश्रयाच्या अपिलात. पहिल्या काही वर्षांत बहुशाखीय चेंबर्स देते ती ही रुंदी. क्राउन कोर्टात केसांचा टोप आणि गाऊन, न्यायाधिकरणात साधा सूट. एका ठिकाणी ज्युरीला उद्देशून बोलायचे, दुसऱ्या ठिकाणी न्यायाधीशाच्या हातातल्या सरकारी अहवालातील परिच्छेदावर नेमके बोट ठेवायचे. ही सवय पुढे कोणत्याही एका शाखेत गेल्यावरही उपयोगी पडते.

त्या गठ्ठ्यातली घरभाड्याच्या थकबाकीची नोंद रात्री साडेआठला नीट समजत नसेल, तर निवारा शाखेतला एखादा ज्येष्ठ सदस्य फोन उचलतो का? माझ्या चेंबर्समध्ये उचलतात. चेंबर्सची पारख मी या एका प्रश्नाने करायला शिकलो.

नावलौकिकाविषयी बोलायचे तर बाहेरच्या जगाला तीन गोष्टी दिसतात: गाजलेले खटले, किंग्ज काउन्सेल ही ज्येष्ठतेची पदवी असलेल्या सदस्यांची संख्या, आणि चेंबर्स अँड पार्टनर्स किंवा लीगल फाइव्ह हंड्रेड यांसारख्या वार्षिक निर्देशिकांमधली श्रेणी. ८ सप्टेंबर २०२२ रोजी राणी एलिझाबेथ यांच्या निधनानंतर क्वीन्स काउन्सेल ही पदवी किंग्ज काउन्सेल झाली. ती मिळेपर्यंत बॅरिस्टर पन्नाशीचा असला तरी ज्युनियरच म्हणवला जातो. निर्देशिका निरुपयोगी नाहीत. त्या सॉलिसिटर आणि सहव्यावसायिकांची मते घेतात, आणि कोणत्या शाखेत कोणाचे नाव आहे याचा बराचसा अंदाज त्यांवरून येतो. मात्र एखाद्या चेंबर्सची फौजदारी शाखा वरच्या श्रेणीत आणि कौटुंबिक शाखा यादीतच नाही, असे बहुशाखीय चेंबर्सबाबत सहज घडते, म्हणून संपूर्ण चेंबर्सच्या नावापेक्षा आपल्याला हव्या त्या शाखेची नोंद वाचावी.

रोजचा लौकिक तयार होतो तो याहून खालच्या पायरीवर. सॉलिसिटरने ज्येष्ठ बॅरिस्टरला ब्रीफ दिलेले असते, तो अडकतो, आणि आदल्या रात्री पहिल्या-दुसऱ्या वर्षातला एखादा सदस्य त्याच्या जागी जातो. त्याने कागद वाचले होते का, अशिलाशी न्यायालयाबाहेरच्या बाकावर बसून तो नीट बोलला का, सुनावणीनंतर त्याच दिवशी त्याने सॉलिसिटरला स्वच्छ टिपण पाठवले का, यावर पुढचे ब्रीफ याच चेंबर्सकडे येणार की नाही हे ठरते. चेंबर्सचे नाव सर्वांत कनिष्ठ सदस्याच्या हाती दर सकाळी दिलेले असते, आणि चांगली चेंबर्स ही जाणीव ठेवून त्याला तयार करतात. त्याला जोडूनच ‘कॅब रँक’ नियम येतो: योग्य फी असेल, वेळ असेल आणि विषय आपल्या आवाक्यातला असेल, तर अशील आवडत नाही म्हणून काम नाकारता येत नाही. पीडितांच्या बाजूने लढणारी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या चेंबर्सचे सदस्यही या नियमाने बांधलेले आहेत. नवख्यांनी हे मनाशी स्पष्ट करून यावे, कारण पक्षकाराच्या कृत्यावरून वकिलाला जोखण्याची सवय आपल्याकडे आहे तशी इथल्या वृत्तपत्रांतही आहे.

पैशाचा विषय टाळून चालणार नाही. यांतल्या पुष्कळ चेंबर्सचे बरेच काम सरकारी कायदेशीर मदतीवर चालते. २०१२ च्या कायद्याने, एप्रिल २०१३ पासून, खासगी कौटुंबिक वाद, बहुतेक स्थलांतर प्रकरणे आणि कल्याणकारी लाभांचे बरेच दावे या मदतीच्या कक्षेबाहेर गेले. २०१३ च्याच अखेरीस नामवंत बॅरिस्टर मायकेल मॅन्सफील्ड यांचे टूक्स चेंबर्स बंद झाले आणि या कपातीकडेच बोट दाखवले गेले. २०२२ मध्ये फौजदारी बॅरिस्टरांनी फीच्या प्रश्नावर काम थांबवले, ते ऑक्टोबरमध्ये १५ टक्के वाढीच्या प्रस्तावानंतर मागे घेतले. अशा काळात अनेक शाखा असणे हा आधार ठरतो, कारण एका शाखेचे उत्पन्न आटले तरी दुसरी खर्चाचा वाटा उचलते. पण त्यातून ताणही निर्माण होतो. जास्त फी मिळवणारी शाखा आपण दुसऱ्यांना का पोसावे असे विचारू लागते. हा प्रश्न चेंबर्स कसा हाताळते, यावर ती टिकते की फुटते हे अवलंबून असते.

आता अर्जाविषयी. बहुतेक प्युपिलेज बार कौन्सिल या बॅरिस्टरांच्या प्रातिनिधिक संस्थेच्या प्युपिलेज गेटवे या संकेतस्थळावरून भरल्या जातात. अर्ज साधारणपणे जानेवारीत सुरू होऊन काही आठवड्यांतच बंद होतात आणि निवडीचे निरोप मे महिन्यात येतात. एकाच वेळी वीसपर्यंत अर्ज करता येतात, पण वीस सारखे अर्ज करण्यापेक्षा आठ-दहा विचारपूर्वक करावेत. उमेदवारी १२ महिन्यांची असते. पहिले सहा महिने मार्गदर्शकाबरोबर न्यायालयात बसायचे, त्याच्यासाठी मसुदे करायचे. दुसऱ्या सहामाहीत स्वतः उभे राहायचे. बहुशाखीय ठिकाणी मार्गदर्शक दर तीन-चार महिन्यांनी बदलतात आणि त्याबरोबर शाखाही बदलते, म्हणून मुलाखतीत ही फेरी प्रत्यक्षात कशी होते ते विचारावे. किमान विद्यावेतन नियामक मंडळ ठरवते आणि लंडनसाठी ते जास्त असते. तरीही लंडनच्या घरभाड्यात ते फार पुरत नाही. आधी आठवडाभराची मिनी-प्युपिलेज, म्हणजे चेंबर्समध्ये राहून काम पाहण्याची संधी, मिळवावी आणि त्या काळात न्यायालयाइतकेच क्लार्कांच्या खोलीकडे लक्ष द्यावे.

भारतात सनद असलेल्या वकिलांनी थेट अभ्यासक्रमाला पैसे भरण्याआधी बार स्टँडर्ड्स बोर्ड या बॅरिस्टरांच्या नियामक मंडळाकडे अर्ज करून आपल्याला कोणत्या सवलती मिळतात ते लेखी घ्यावे. प्युपिलेजसाठीच्या व्हिसाला बार कौन्सिलच्या प्रायोजकत्वाची सोय आहे, परंतु उमेदवारी संपून सदस्यत्व मिळाल्यावर माणूस स्वतंत्र व्यावसायिक होतो आणि व्हिसाचा प्रश्न नव्याने उभा राहतो. हा प्रश्न अर्ज करतानाच चेंबर्सला स्पष्ट विचारावा. विचारल्याने कोणी नाराज होत नाही. वर्षाच्या शेवटी सदस्य मिळून सदस्यत्वाचा निर्णय घेतात. तो अनुकूल नसेल तर दुसऱ्या चेंबर्समध्ये ‘थर्ड सिक्स’ म्हणून आणखी सहा महिने करता येतात, आणि आज नावाजलेल्या कित्येक वकिलांना आपली चेंबर्स अशा दुसऱ्या दारातून मिळाली आहेत.