सैनिक ते स्वतंत्र तेलभूवैज्ञानिक: एका दीर्घ आयुष्याचे चरित्र कसे लिहावे

दुसऱ्या महायुद्धातून परतलेला, सरकारी मदतीवर भूविज्ञान शिकलेला आणि पुढे कंपनीची नोकरी सोडून स्वतःच्या जोखमीवर तेल शोधणारा माणूस टेक्सास, ओक्लाहोमा, कॅन्सस, वायोमिंग या अमेरिकी राज्यांत एके काळी गावोगावी भेटत असे. अशा माणसाचे चरित्र लिहिताना घरची मंडळी बहुधा निम्मी पाने युद्धाला देतात, काही पाने एखाद्या यशस्वी विहिरीला देतात आणि मधली तीस-चाळीस वर्षे ‘पुढे त्यांनी स्वतंत्र व्यवसाय केला’ या एका वाक्यात संपवतात. माझ्या मते त्या आयुष्याचा गाभा नेमका या मधल्या वर्षांत असतो, आणि त्यांचे लेखी पुरावेही युद्धाच्या पुराव्यांपेक्षा जास्त शिल्लक असतात.

ती व्यक्ती हयात असेल तर कागदपत्रांच्या आधी तिच्याकडे जावे. ‘तेव्हा तुम्हाला काय वाटले’ असे विचारले की ठरावीक, अनेकदा सांगून गुळगुळीत झालेली उत्तरे येतात. त्याऐवजी तिने स्वतः काढलेला एखादा जुना नकाशा समोर पसरावा आणि एकाच विहिरीबद्दल विचारावे. हीच जागा का निवडली, जमीन कोणाची होती, पैसे कोणी घातले, आणि शेवटी पोलादी केसिंग (उत्पादनासाठी विहिरीत बसवायचा नळ) घालायचे की विहीर बुजवायची हा निर्णय कसा झाला, एवढे चार प्रश्न एका दुपारला पुरतात. युद्धाच्या आठवणींचे ध्वनिमुद्रण मात्र वेगळे करावे, कारण अमेरिकी काँग्रेसच्या ग्रंथालयाचा २००० साली सुरू झालेला सैनिक-इतिहास प्रकल्प किमान ३० मिनिटांची, संपादन न केलेली मुलाखत जतनासाठी स्वीकारतो.

लष्करी सेवेची कागदपत्रे आधी घरातच शोधावीत. सेंट लुईस येथील राष्ट्रीय कर्मचारी अभिलेख केंद्रात १२ जुलै १९७३ रोजी लागलेल्या आगीत सुमारे १.६ ते १.८ कोटी फायली नष्ट झाल्या. नोव्हेंबर १९१२ ते जानेवारी १९६० या काळात सेवामुक्त झालेल्या भूदलातील लोकांच्या सुमारे ८० टक्के फायली त्यांत होत्या. नौदलाच्या आणि मरीन दलाच्या फायली त्या आगीतून वाचल्या. त्यामुळे ट्रंकेत सापडलेला सेवामुक्तीचा कागद ही कदाचित एकमेव प्रत असू शकते. डीडी-२१४ हा सेवामुक्तीचा फॉर्म १९५० पासूनचा आहे, म्हणून १९४५ साली परतलेल्या सैनिकाचा ‘डीडी-२१४ हरवला’ असे लिहिण्याआधी त्या काळचा वेगळा फॉर्म शोधावा. अनेकांनी परत आल्यावर आपला कागद काउंटीच्या (आपल्या जिल्ह्यासारख्या घटकाच्या) कचेरीत नोंदवून ठेवला होता, तेव्हा तिथेही चौकशी करावी.

शिक्षणाचा भाग थोडक्यात लिहिता येतो, पण ते शिक्षण कशामुळे शक्य झाले हे सांगितल्याशिवाय पुढे जाऊ नये. २२ जून १९४४ रोजी संमत झालेल्या जीआय कायद्याने माजी सैनिकांना वर्षाला ५०० डॉलरपर्यंतचे शिक्षणशुल्क आणि अविवाहिताला सुरुवातीला महिना ५० डॉलर निर्वाहभत्ता दिला, आणि सुमारे २२ लाख सैनिक महाविद्यालयांत गेले. इथे एक मोह टाळावा: लष्करात नकाशे वाचले म्हणून तो भूविज्ञानाकडे वळला, असे त्याने स्वतः सांगितले किंवा लिहिले असेल तरच लिहावे.

आता मुख्य भाग. ‘स्वतंत्र’ या शब्दाचा अर्थ वाचकाला नीट समजावून द्यावा लागतो, कारण अमेरिकेत जमिनीखालचे खनिज बहुधा खासगी मालकीचे असते आणि हा सारा व्यवसाय त्या एका गोष्टीवर उभा आहे. भूवैज्ञानिक जुन्या विहिरींच्या नोंदी जुळवून जमिनीखालच्या थरांचा नकाशा काढतो, तेल साचलेले असावे अशी जागा हेरतो, मालकाकडून तिचा भाडेपट्टा घेतो (मालकाचा वाटा परंपरेने उत्पन्नाच्या एक अष्टमांश असे) आणि मग खोदाईचे पैसे घालणारे लोक शोधत हिंडतो. एक जुना रिवाज असा की तीन गुंतवणूकदारांनी प्रत्येकी एक तृतीयांश खर्च उचलायचा आणि प्रत्येकाने एक चतुर्थांश हिस्सा घ्यायचा. उरलेला चौथा हिस्सा केसिंग घालण्याच्या निर्णयापर्यंत खर्च न करता जागा हेरणाऱ्याकडे राहायचा. काही जण त्याऐवजी उत्पन्नावरची छोटी ‘ओव्हररायडिंग रॉयल्टी’ घेत, जिच्यात खर्चाचा भार नसतो. या वाटपांचे दस्तऐवज काउंटीत नोंदवले जातात, म्हणून घरात हिशेबाची वही नसली तरी त्या माणसाचे व्यवहार वर्षानुवर्षांच्या क्रमाने उभे करता येतात.

यानंतर विहिरींची यादी करावी. टेक्सासमध्ये तेलविहिरींच्या नोंदी रेलरोड कमिशनकडे असतात (नाव रेल्वेचे असले तरी तेल आणि वायूचे नियमन तेच करते), ओक्लाहोमात कॉर्पोरेशन कमिशनकडे, आणि कॅन्ससच्या राज्य भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे विहिरींच्या नोंदींबरोबरच खोदाईत वर आलेल्या खडकाचे नमुनेही जतन केलेले आहेत. कॅन्सस आणि ओक्लाहोमात विहिरीचा पत्ता सेक्शन, टाउनशिप आणि रेंज या सरकारी जमीनमोजणीच्या क्रमांकांनी दिला जातो. एक सेक्शन म्हणजे एक चौरस मैल, ६४० एकर. टेक्सासची मोजणी वेगळी आहे, तेव्हा तिथे हा क्रम शोधत बसू नये. यादीत कोरड्या विहिरी अवश्य घ्याव्यात. शोधविहिरींपैकी बहुतेक कोरड्याच निघत, आणि त्या गाळून लिहिलेले चरित्र खोटे ठरते. पुढच्या नकाशाची रेषा कुठे सरकली हे पुष्कळदा आधीच्या कोरड्या विहिरीवरूनच कळते.

विहिरीवरची एक रात्र सविस्तर लिहावी. बिटने (खोदणाऱ्या टोकाने) फोडलेला खडकाचा चुरा मडबरोबर (विहिरीत फिरवल्या जाणाऱ्या चिखलाबरोबर) वर यायला वेळ लागतो, म्हणून हातात आलेला नमुना आत्ताच्या खोलीचा नसतो आणि तो फरक भूवैज्ञानिकाला सतत मोजावा लागतो. साधारण दर दहा फुटांचा चुरा धुऊन तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो, चुनखडक ओळखण्यासाठी सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकतो आणि तेलाची चमक दिसते का हे अतिनील प्रकाशात तपासतो. त्याच्या हस्ताक्षरातल्या नमुना-नोंदी मिळाल्या तर त्यांतल्या ओळी जशाच्या तशा उतरवाव्यात. घाईत लिहिलेले ‘अंधुक चमक, वास नाही’ असे शब्द त्या रात्रीबद्दल आपल्या कोणत्याही वर्णनापेक्षा जास्त सांगतात.

विहिरींच्या यादीशेजारी तेलाच्या किमती मांडाव्यात. १९७३ च्या अखेरीस तेल महागले, तेव्हा पडून राहिलेल्या जागाही परवडू लागल्या. ५ जुलै १९८२ रोजी ओक्लाहोमा सिटीतील पेन स्क्वेअर बँक बुडाली आणि तेलव्यवसायाला मिळणारे कर्ज आटले. १९८५ च्या अखेरीस पिंपाला ३० डॉलरच्या आसपास असलेला भाव १९८६ च्या उन्हाळ्यापर्यंत १० ते १२ डॉलरच्या घरात आला. यादीत त्या वर्षी पोकळी दिसली तर तो माणूस निवृत्त झाला असे लगेच समजू नये. जुन्या रॉयल्टीवर तग धरून नवे नकाशे काढत राहिलेले अनेक जण होते, आणि त्या नकाशांवरच्या तारखा ही गोष्ट सिद्ध करतात.

शेवटी त्या नकाशांची सोय लावावी. लॅरमी येथील वायोमिंग विद्यापीठाच्या अमेरिकन हेरिटेज सेंटरने तेलभूवैज्ञानिकांचे खासगी कागद मोठ्या प्रमाणावर जतन केले आहेत. इतर राज्यांत प्रथम राज्याच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला विचारावे. कागद देण्यापूर्वी प्रत्येक गुंडाळीवर काउंटी, वर्ष आणि नकाशा कोणत्या थराचा आहे हे पेन्सिलीने लिहावे, आणि ज्या नकाशावर हे तिन्ही सापडत नाही तो वेगळा ठेवून, ती व्यक्ती हयात असेपर्यंत, पुढच्या भेटीत तिच्यासमोर उलगडावा.