कॉन्झर्वेशनची इंटर्नशिप हवीय? आधी रिपोर्ट लिहायला शिका

पोथ्या, चित्रं, जुनी शस्त्रं जतन करायचं काम शिकायचंय ना, मग पहिल्याच दिवशी ब्रश आणि खळ हातात येणार नाही, येऊही नये. आधी कंडिशन रिपोर्ट, म्हणजे वस्तू आत्ता कुठल्या अवस्थेत आहे त्याची नोंद. घरातली जुनी पोथी घ्या, नसली तर आजोबांची हिशेबाची वही चालेल, खोलीत अंधार करा आणि टॉर्च अगदी बाजूनं तिरका मारा, सुरकुत्या, उचललेली शाई, कसरीनं खाल्लेल्या कडा सगळं उठून दिसतं. माप, डाग कुठं, भोकं कुठं, आधी कुणी सेलोटेप लावलाय का (लावलेला असतोच!) हे लिहा, फोटोत शेजारी पट्टी ठेवा. आणि दुरुस्त काही करू नका, प्लीज.

असे तीन-चार रिपोर्ट अर्जासोबत जोडले की नुसत्या मार्कशीटपेक्षा जास्त बोलतात.

सातारकरांनी औंधचं श्रीभवानी संग्रहालय बघावंच, तिथं राजा रविवर्म्याची चित्रं आहेत, पण चित्रं बघून परत येऊ नका, उजेड कुठून येतो, भिंतीला ओल आहे का तेही बघा. कागदपत्रांत जायचं असेल तर मोडी शिका, रुमालातलं (कापडात बांधलेल्या जुन्या कागदांच्या गठ्ठ्यातलं) काय आधी वाचवायचं ते मग तुम्हाला कळतं.

पुढं शिकायला लखनौची एनआरएलसी (जतनाच्या कामाची राष्ट्रीय संशोधन प्रयोगशाळा), मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, आणि एमए करायचं तर नोएडाचं इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ हेरिटेज. पात्रता आणि तारखा त्यांच्या साइटवरच बघा, व्हॉट्सॲपवर फिरणारे फॉरवर्ड नकोत. बारावीत केमिस्ट्री असेल तर सोडू नका.

इंटर्नशिपला हो म्हणायच्या आधी विचारा, वस्तूला हात लावायला मिळणार का, देखरेखीला कोण, फोटो पोर्टफोलिओत वापरता येतील का. स्टायपेंडचंही विचारा, त्यात लाजायचं काय? आणि 'ही दुरुस्ती नंतर काढता येईल का' असं तिथं कुणी विचारतच नसेल तर दुसरीकडं बघा. गव्हाची खळ आणि जपानी टिश्यू (पातळ पण चिवट कागद) वापरतात ते त्यासाठीच, ओलावा दिला की सुटतं, फेव्हिकॉल सुटत नाही.

सांगलीकरांनी ओल्या कागदाचं काम आवर्जून मागून घ्यावं, २०१९ च्या पुरात काय झालं ते सगळ्यांनी बघितलंय. भिजलेला कागद उन्हात टाकायचा नाही, चिकटलेली पानं ओढायची नाहीत, सुटणाऱ्या पानांमध्ये ब्लॉटिंग पेपर घालून पंख्याची हवा द्यायची, आणि दोन दिवसांत आटपत नसेल तर बुरशी धरायच्या आत सरळ डीप फ्रीझरमध्ये.