उन्हाळ्यातली शाळा: या चुका टाळा

विदर्भात मार्च-एप्रिलात सकाळची शाळा लागली की आपण निर्धास्त होतो. पण शाळा सुटते साडेअकरा-बाराला, आणि पोरं ऐन उन्हात सायकल हाणत घरी निघतात. सकाळी सातला गार वाटतं म्हणून टोपी-दुपट्टा घरीच राहतो. तो आठवणीनं दप्तरात टाका. खिशात कांदा ठेवायचा तर ठेवा, पण त्याच्या भरवशावर डोकं उघडं सोडू नका.

सगळ्यात मोठी चूक पाण्याची. मी सहावीला शिकवते. एप्रिलमध्ये एकदा शेवटच्या तासाला सगळ्यांना बाटल्या बाकावर ठेवायला लावल्या. मुलांच्या बहुतेक रिकाम्या; मुलींच्या मात्र गळ्यापर्यंत भरलेल्या. एक जण हळूच म्हणाली, "मॅडम, पाणी प्यायलं की जावं लागतं. तिथं जाववत नाही." जाऊन पाहिलं, तर नळाला पाणी नाही आणि दाराची कडी तुटलेली. तेव्हा बाटली भरून दिली म्हणजे लेक पाणी प्यायली असं धरून चालू नका. घरी आल्यावर लघवी गडद पिवळी होते का, जळजळते का, ते विचारा. आणि पालकसभेत गुणांच्या आधी स्वच्छतागृहाचा विषय काढा.

"तहान लागली की पितील" हेही खरं नाही. खेळाच्या नादात तहान कळतच नाही. केरळातल्या शाळांत २०१९ मध्ये पाणी पिण्याची वेगळी घंटा सुरू झाली. आपल्या वर्गात दर तासाला चार घोट प्यायला लावायला कुणाची परवानगी लागत नाही.

ओआरएसचं एक लिटरचं पाकीट पेलाभर पाण्यात कालवू नका. मीठ जास्त होऊन अपाय होतो. पाकिटावरचं माप वाचा. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.

अंग तापलंय म्हणून तापाची गोळी देणं ही आणखी एक चूक. उष्माघाताला ती लागू पडत नाही. पोर बरळायला लागलं, झोकांड्या खाऊ लागलं, तर लगेच १०८ ला फोन करा. गाडी येईपर्यंत सावलीत आडवं करा, कपडे सैल करा, अंगावर पाणी शिंपडून वारा घाला, मान, काखा, जांघांत ओली फडकी ठेवा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाण्याचा थेंबही घालू नका.